पंचगंगेच्या पाणी पातळीचा संदेश: एका नियमित वाचकाचे परीक्षण

कोल्हापुरात पावसाळ्यात सर्वाधिक वाचले जाणारे लेखन जेमतेम चार ओळींचे असते. ‘पंचगंगा पाणी पातळी’ असे शीर्षक, त्याखाली तारीख आणि वेळ, राजाराम बंधाऱ्यावरील पातळी फूट व इंचांत, शेजारी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असल्याची आठवण, आणि शेवटी जिल्ह्यातील किती बंधारे पाण्याखाली गेले आहेत त्याची संख्या, एवढाच त्यातील मजकूर. पाऊस वाढला की राधानगरी धरणाच्या उघडलेल्या दरवाजांचे क्रमांक आणि विसर्ग यांची भर पडते. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेकडून निघणारा हा संदेश पत्रकारांच्या, तालमींच्या, दूध संस्थांच्या आणि नातेवाइकांच्या गटांतून फिरत फिरत प्रत्येक मोबाइलवर पोहोचतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खानावळींवर आपण पानेच्या पाने लिहितो. ज्या सेवेच्या एका आकड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हजारो घरांतील झोप अवलंबून असते, तिचे मूल्यमापन मात्र कोणी करत नाही. ती विनामूल्य आहे हे त्याचे एक कारण असावे. आमची गल्ली पूररेषेच्या काठावरची असल्यामुळे मी या सेवेचा गरजू आणि त्यामुळे चिकित्सक ग्राहक आहे.

प्रथम गुणांविषयी. या संदेशात विशेषणे नसतात. ‘रौद्र रूप’, ‘पंचगंगा कोपली’, ‘महापुराचे सावट’ असले काही त्यात आढळत नाही. कोठे मोजले, केव्हा मोजले आणि किती भरले, या तीनच प्रश्नांची उत्तरे तो देतो. बातम्यांच्या वाहिन्यांवर तीच नदी दिवसभर कोपत असते आणि तरीही ती नेमकी किती फुटांवर आहे हे पडद्यावर शोधावे लागते. दुसरा गुण नियमितपणाचा. रांगेत किंवा दारात ताटकळणाऱ्या माणसांच्या मानसिकतेवर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलेल्या निबंधात एक साधे निरीक्षण आहे: मुदत ठाऊक नसलेली प्रतीक्षा मुदत ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते. पुराची वाट पाहणेही असेच असते. पुढचा आकडा थोड्या वेळाने येणार आहे, एवढे ठाऊक असले तरी रात्रीचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा सोसता येतो. आमच्या गल्लीतील एक आजी स्वतः वाचत नाहीत. नातवाला उठवून ‘आला काय रं आकडा?’ एवढेच विचारतात आणि तो ऐकून पुन्हा पाठ टेकतात. आकडा वाढलेला असला तरीही.

आता तक्रारीकडे वळतो. ही तक्रार आपणा सर्वांची आहे, आणि माझ्या मते ती बव्हंशी अन्यायकारक आहे. गल्लीत संदेश येताच जो प्रश्न उठतो तो ‘किती फूट?’ हा नसतोच. ‘चढतंय काय उतरतंय?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ ‘येणार का न्हाई, ते सांगा की!’ ही मागणी. जो संदेश या मागणीचे उत्तर देत नाही तो लोकांना अपुरा, क्वचित दडवादडवी करणारा वाटतो. एरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञाने या मागणीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. एखाद्या प्रश्नाचे कोणते तरी पक्के उत्तर हवे, संदिग्धता नको, ही ओढ प्रत्येक माणसात असते, फक्त तिचे प्रमाण माणसागणिक आणि प्रसंगागणिक बदलते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. डोना वेब्स्टर यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये ही ओढ मोजण्यासाठी ४२ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. सुव्यवस्थेची आवड, पुढचे आधी कळावे ही इच्छा, झटपट निर्णयाकडे कल, संदिग्धतेचा त्रास आणि वेगळे मत ऐकण्याची अनिच्छा अशी तिची पाच अंगे आहेत. दोन वर्षांनी त्याच दोघांनी या ओढीच्या दोन चाली वर्णिल्या: हाती लागेल ते पहिले उत्तर झडप घालून पकडणे, आणि एकदा पकडले की ते घट्ट गोठवून ठेवणे. वेळेचा दबाव, गोंगाट आणि थकवा यांमुळे ही ओढ वाढते असे प्रयोगांतून दिसले आहे. पत्र्यावर कोसळणारा पाऊस, जागरणाने आंबलेले डोळे आणि पाणी चौकापर्यंत येण्याआधी निर्णय घेण्याची घाई, या तिन्ही गोष्टी पंचगंगेकाठच्या घरात एकाच रात्री हजर असतात.

येथे या सेवेचे प्रतिस्पर्धी बाजी मारतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘राधानगरीचे सर्व दरवाजे उघडले, पहाटेपर्यंत अमुक पेठेत पाणी’ या धाटणीचे निरोप म्हणजे शुद्ध उत्तरे असतात. त्यांना वेळ नसते, मोजमाप नसते, पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. पण ‘येणार’ हा शब्द असतो. कधी कोणी २०१९ च्या महापुराची चित्रफीत आजची म्हणून पाठवतो आणि ती पाहून माणसे जनावरे सोडायला धावतात. याच्या उलट प्रकारचा निरोप मला अधिक घातक वाटतो: ‘पाऊस थांबला आहे, काळजीचे कारण नाही.’ भीती दाखवणारा निरोप खोटा ठरला तर ट्रंका माळ्यावरून पुन्हा उतरवाव्या लागतात, इतकेच. धीर देणारा निरोप लोक अधिक आनंदाने पकडतात, अधिक काळ गोठवतात, आणि मग प्रत्यक्ष आकडा चढत असतानाही ‘आता उतरेल’ म्हणत बसतात. अधिकृत संदेश या दोन्हींशी स्पर्धा करत नाही. तो ‘येणार’ म्हणत नाही आणि ‘येणार नाही’ असेही म्हणत नाही. व्यवसायाच्या भाषेत ही त्याची दुबळी बाजू म्हटली जाईल. मी तिला त्याचे सर्वांत मोठे बलस्थान मानतो.

असे मानण्यास नदीचा स्वभाव हे कारण आहे. कोल्हापुरात ऊन पडले तरी पंचगंगा चढू शकते, कारण शहरातील पावसावर तिचे पोट भरत नाही. गगनबावडा आणि राधानगरीच्या घाटमाथ्यावर जे पडते ते कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीतून प्रयाग चिखलीच्या बाजूने शहराकडे येते. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशयाची पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. सातही उघडले तर दहा हजारांना चार कमी. हे दरवाजे कोणाला विचारून उघडत नाहीत, त्यामुळे ‘रात्री उघडणार का?’ या प्रश्नाला नेमके उत्तर देणारा अधिकारी अस्तित्वातच नसतो. खालच्या अंगाला नृसिंहवाडीजवळ पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, फुगवटा मागे सरकतो आणि वरून येणारे पाणी कमी झाले तरी शहरातील उतार मंदावतो. म्हणजे आमच्या गल्लीचे भवितव्य घाटातील पाऊस, धरणाचे आपोआप चालणारे दरवाजे आणि सातारा-सांगलीकडून येणारी कृष्णा या तिघांच्या संगनमतावर ठरते. यावर जो ठामपणे ‘पहाटे चार वाजता येणार’ असे सांगतो, त्याच्यावर विश्वास कोणत्या आधारावर ठेवायचा?

ठाम आकड्याच्या आहारी जाण्याची किंमत अमेरिकेतील ग्रँड फोर्क्स या शहराने १९९७ च्या एप्रिलमध्ये मोजली. तेथील रेड नदी ४९ फुटांपर्यंत चढेल असा हवामान सेवेचा अंदाज होता, आणि शहराने त्यावर थोडी शिल्लक ठेवून बांध उभारले. नदी ५४ फुटांच्या वर गेली आणि जवळपास सगळे शहर रिकामे करावे लागले. अंदाज चुकणे यात नवल नव्हते. अशा अंदाजांत काही फुटांची तफावत नेहमीच असते. नवल याचे की ती तफावत लोकांपुढे नीट आलीच नाही. लोकांनी ४९ हा आकडा अंदाज म्हणून न घेता सीमा म्हणून घेतला. फुटांत बोलणाऱ्या आपल्या शहराला हा प्रसंग चटकन समजावा. राजाराम बंधाऱ्यावर २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. २०१९ पाहिलेल्या अनेकांनी ‘याच्या वर काय जाणार’ असे मनाशी पक्के केले होते, आणि दोनच वर्षांनी पाणी त्या खुणेच्याही वर गेले.

हीच गोष्ट पूररेषांची. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानली जाते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकताच मन हिशेब मिटवून मोकळे होते: एकदा येऊन गेला, आता नातवंडांनी पाहावे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे, आणि २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती साधारण १८ टक्के होते. सदनिका घेताना हा आकडा कोणी सांगत नाही. विकणाऱ्याकडे तो नसतो, घेणाऱ्याला तो नको असतो.

पुन्हा संदेशाकडे. तो सर्वाधिक उपयोगी आणि सर्वाधिक छळणारा केव्हा ठरतो, याचे माझे निरीक्षण सांगतो. सर्वांत वाईट रात्र धोका पातळी ओलांडल्यानंतरची नसते. ४३ च्या वर गेले की गल्ली कामाला लागते; गॅसच्या टाक्या बांधल्या जातात, म्हशी वरच्या अंगाला नेल्या जातात, कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवली जाते, आणि हात गुंतले की मनही थोडे स्थिरावते. छळते ती ३९ आणि ४३ यांच्यामधली रात्र. लंडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात याचे स्पष्टीकरण सापडते. ४५ स्वयंसेवकांना संगणकावरील खेळात दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे होते, आणि साप निघाल्यास हाताला सौम्य विजेचा झटका बसत असे. झटका बसणारच हे ठाऊक असताना जो ताण होता, त्यापेक्षा बसेल की नाही हे निम्मे-निम्मे असताना तो अधिक आढळला. आपल्या नदीवर या निम्म्या शक्यतेचा पट्टा चार फुटांचा आहे, आणि संदेश त्या पट्ट्यात असताना इंचाइंचाने सरकतो: ४० फूट २ इंच, ४० फूट ५ इंच, ४० फूट ५ इंच. हा पुन्हा आलेला ‘पाच’ वाचून गल्लीत जो सुस्कारा सुटतो, तो तीन इंच उतरल्यावरही सुटत नाही.

या पट्ट्यातील वाचकासाठी संदेशात दोन गोष्टींची भर हवी, असे माझे मत आहे. पहिली, चढ-उताराचा वेग. मागील तीन तासांत पाणी किती इंच चढले, हे त्याच ओळीत लिहिले तर जुने संदेश वर सरकवून बोटांवर वजाबाकी करण्याची वेळ येणार नाही. ‘चढतंय काय उतरतंय?’ हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कोणतेही भाकीत न करता देता येते. दुसरी, जेथे अंदाज द्यायचाच असेल तेथे तो एका आकड्यात न देता पल्ल्यात द्यावा: अमुक ते अमुक फूट. लोक गोंधळतील, विश्वास उडेल, अशी भीती यावर व्यक्त केली जाते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले की अनिश्चितता आकड्यांच्या पल्ल्यात सांगितली तर विश्वास फारच थोडा कमी होतो. ‘कमी-जास्त होऊ शकते’ अशी मोघम शब्दांत सांगितली तर अधिक कमी होतो. कोल्हापूरकराला पल्ला समजत नाही असे मानणे तर हास्यास्पदच आहे. गुळाचा सौदा, उसाचा उतारा आणि म्हशीचे दूध हे सगळे व्यवहार आपण पल्ल्यांतच बोलतो.

तिसरी त्रुटी आहे, पण ती दूर करणे संदेशाच्या हाती नाही. आकडा राजाराम बंधाऱ्याचा असतो आणि घर आपले असते. ३९ फुटांना सुतारवाड्यातील कुटुंबांना सामान आवरण्याची वेळ येते, तेव्हा उंचावरच्या राजारामपुरीतील माणूस पूर पाहायला घाटावर निघालेला असतो. जुन्या लोकांनी हा प्रश्न मोजपट्टीशिवाय सोडवला होता. जामदार क्लबपर्यंत पाणी आले की एक पायरी, शिवाजी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला पाणी टेकले, म्हणजे ‘मच्छिंद्री’ झाली, की दुसरी, आणि प्रत्येक पायरीला कोणी काय करायचे ते ठरलेले. आमच्या शेजारच्या काकांच्या घरात दारामागच्या भिंतीवर खडूने लिहिलेला एकच आकडा आहे: राजाराम बंधाऱ्यावर किती असताना त्यांच्या उंबऱ्याला पाणी लागले, तो. त्याच्या वर, दोन फूट कमी करून, दुसरा आकडा आहे, त्याला ते ‘उठायचा आकडा’ म्हणतात. संदेश आला की काका फक्त या दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहतात, आणि तोपर्यंत चर्चेत भाग घेत नाहीत. काकूंना हे सुरुवातीला हट्टीपणाचे वाटायचे. २०२१ मध्ये गल्लीतून सर्वांत आधी आणि कोणाशीही न भांडता बाहेर पडलेले घर त्यांचेच होते.

मानसशास्त्रात या युक्तीला पाठबळ आहे. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले की नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक घडले तर मी तमुक करीन’ असे आधीच बांधून ठेवलेले वाक्य माणसाला कृतीकडे अधिक खात्रीने नेते, कारण ऐन वेळी विचार करण्याचे काम उरत नाही. मला यात आणखी एक लाभ दिसतो. निश्चितीची जी भूक आपण नदीकडून भागवू पाहतो आणि जी नदी कधीच भागवत नाही, ती आपल्या स्वतःच्या निर्णयाकडून भागते. पाणी येणार का, हे कोणालाच ठरवता येत नाही. किती फुटांना उठायचे, हे मे महिन्यात जेवणाच्या ताटावर बसून ठरवता येते. संदेशाला काकांनी जे काम दिले आहे, तेच त्याचे खरे काम असावे असे मला वाटते.

पूर ओसरल्यानंतरही ही भूक थांबत नाही, फक्त प्रश्न बदलतो. ‘येणार का?’ च्या जागी ‘कोणामुळे आला?’ येतो, आणि तेव्हा संदेशाकडे कोणी पाहत नाही. कोल्हापूर-सांगलीत याचे तयार उत्तर अलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचे कर्नाटकातील धरण, हे आहे. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ च्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांकडे तिने लक्ष वेधले. कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची आहे आणि तिला आपल्याकडून होणारा विरोध हा गंभीर, तपासून घ्यावा असा विषय आहे. पण ‘अलमट्टीमुळे’ या एका शब्दाने ज्या समाधानाने चर्चा मिटते, त्यात आपल्याच पात्रात टाकलेला भराव आणि ओढ्या-नाल्यांवर उभी राहिलेली बांधकामे सहज सुटून जातात. शहरातून वाहणारा जयंती नाला अलमट्टीने अरुंद केलेला नाही.

एकंदरीत, पूरपट्ट्यातील प्रत्येक घराने ही सेवा घ्यावी असे मी निःसंकोच सांगेन, मात्र गटांतून उतरत आलेली तिची तिसरी-चौथी प्रत वाचू नये. मजकुरात मोजणीची तारीख आणि वेळ नसेल तर तो संदेश खोडून टाकावा. शंका असेल तर १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा निःशुल्क क्रमांक आहे. तेथे ‘आमच्याकडे येणार का?’ असे विचारण्याऐवजी ‘आता किती फूट, आणि राधानगरीचे किती दरवाजे?’ असे विचारावे. ज्यांचे घर उंचावर आहे त्यांनी रात्री दर तासाला आकडा पुढे पाठवू नये, खालच्या गल्ल्यांतील फोनची बॅटरी त्याने उतरते. आणि खडूचा आकडा लिहिताना २०१९ वरच न थांबता २०२१ ची खूणही शेजारी मांडावी, कारण दोन पुरांत त्याच पातळीला पाणी दोन वेगळ्या वाटांनी आलेले अनेक गल्ल्यांनी पाहिले आहे. ज्या वर्षी ते लवकर आले, त्या वर्षीचा आकडा उठण्यासाठी धरावा.